शून्य ते १२७ : मिडी कंट्रोलरच्या फेडर-नॉबांमागची पार्श्वभूमी

मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा. मिडी कंट्रोलर म्हणजे त्या भाषेत आज्ञा पाठवणारा फेडर (सरकत्या कळा) आणि नॉब (फिरत्या कळा) यांचा डबा. स्वतः जुळवलेल्या अशा कंट्रोलरची सेटिंगची खिडकी उघडली की प्रत्येक फेडरपुढे तेच रकाने येतात : चॅनेल १ ते १६, सीसी (कंट्रोल चेंज, म्हणजे काय बदलायचं ते सांगणारा) क्रमांक ० ते १२७, किमान, कमाल, ॲब्सोल्यूट (कळेची जागा पाठवायची) की रिलेटिव्ह (फक्त किती हलली ते पाठवायचं). आज कोणी नव्याने आखणी केली तर हे आकडे निवडणार नाही. यातला जवळजवळ प्रत्येक रकाना जुन्या काळी पैसे वाचवण्यासाठी केलेल्या तडजोडीतून आला आहे. ती तडजोड कळली की फेडर का थरथरतो, आवाज मध्येच उडी का मारतो, याचा उलगडा होतो.

सुरुवात मिडीच्याही आधीची आहे. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या सीक्वेन्शियल सर्किट्सने प्रॉफेट-५ हा सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य) आणला. त्यात ४० आवाज साठवता येत. त्यासाठी नॉबची स्थिती मायक्रोप्रोसेसर वाचायचा आणि आकड्यात बदलायचा. मग एक नवीच अडचण उभी राहिली. साठवलेला आवाज बोलावला तरी नॉब मात्र आधी होता तिथेच राहतो. त्याला हात लावला की आवाज नॉबच्या जागेवर जाऊन आदळतो. आजही कंट्रोलरवरचं गाणं बदललं की हीच उडी बसते.

१९८३ मध्ये यामाहाच्या डीएक्स७ या सिंथने नॉबच काढून टाकले. सपाट बटणं, छोटा पडदा आणि सगळ्या आकड्यांसाठी एकच सरकता डेटा एंट्री फेडर. कारखान्याच्या दृष्टीने ते स्वस्त होतं, पण वाजवणाऱ्याला एक पॅरामीटर बदलायला चार बटणं दाबावी लागत. त्याच सुमारास रोलँडने जेएक्स-३पी साठी पीजी-२०० हा वेगळा नॉबांचा डबा विकायला काढला. पुढे जेएक्स-८पी साठी पीजी-८००, डी-५० साठी पीजी-१००० आले. सिंथमधून नॉब काढायचे आणि तेच वेगळ्या डब्यात घालून पुन्हा विकायचे, हा धंदा गमतीचाच. आजच्या कंट्रोलरचे खरे पूर्वज हे डबे. नव्वदच्या दशकातला १६ फेडरचा पीव्ही पीसी-१६०० आणि ६४ नॉबांचा डोएफर ड्रेबँक एका सिंथला बांधलेले नव्हते. कुठला नॉब काय पाठवेल हे ठरवण्याचं काम तिथून वापरणाऱ्याच्या गळ्यात पडलं.

मधल्या काळात मिडी आलं होतं. १९८१ मध्ये डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे सर्व कंपन्यांना चालेल अशा जोडणीचा प्रस्ताव मांडला. रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी जपानी कंपन्यांची बाजू सांभाळली. जानेवारी १९८३ च्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा जुपिटर-६ एका तारेने बोलले. वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट, कारण १० लाख हर्ट्झच्या घड्याळाला ३२ ने भागलं की तो सहज मिळतो. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका बाइटला १० बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. फेडरचा एक संदेश तीन बाइटचा, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. सोळा फेडर एकदम सरकवले तर शेवटच्याची पाळी १५ मिलिसेकंदांनी येते. यूएसबीवर ही रांग लागत नाही, पण जुन्या सिंथला पाच पिनांच्या डीन तारेने जोडलं की लागते. त्यामुळे मूल्य खरोखर बदललं तरच संदेश पाठवायचा.

१२७ चा उगम बाइटच्या पहिल्या बिटात आहे. तो १ असेल तर आज्ञा, ० असेल तर माहिती. माहितीसाठी उरतात सात बिट आणि १२८ पायऱ्या. १०० मिलिमीटरच्या फेडरवर एक पायरी सुमारे ०.८ मिलिमीटरची. व्हॉल्यूमला हे बहुतेक वेळा भागतं. फिल्टरला, म्हणजे आवाजातले ठरावीक सूर गाळणाऱ्या भागाला, भागत नाही. २० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ हा पल्ला जवळपास दहा सप्तकांचा, म्हणजे १२० अर्धस्वरांचा. प्रत्येक पायरीला कटऑफ (गाळण्याची सीमा) जवळजवळ एका अर्धस्वराने सरकतो आणि रेझोनन्स (त्या सीमेजवळच्या सुरांना मिळणारा जोर) वाढवलेला असेल तर जिना उतरल्यासारखा आवाज येतो. सिंथमध्ये स्मूदिंग (मूल्य हळूहळू सरकवण्याची सोय) असेल तर हे झाकलं जातं, नसेल तर कानाला टोचतं.

हे मूळ आखणी करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून सीसी ० ते ३१ ला ३२ ते ६३ अशी जोडी दिली : सीसी ७ चा बारीक भाग सीसी ३९ वर. दोन्ही मिळून १४ बिट, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एका फेडरला सीसी ७ वर १४ बिट द्यायचे आणि दुसऱ्या नॉबला नकळत सीसी ३९ द्यायचा. मग दुसरा नॉब फिरवला की पहिल्याचा आवाज किंचित हलतो आणि दोष सोल्डरिंगमध्ये शोधला जातो. एनआरपीएनमध्ये (सीसी क्रमांक ठरलेले नाहीत अशा पॅरामीटरसाठीच्या पद्धतीत) तर एका बदलासाठी ९९, ९८, ६ आणि ३८ असे चार संदेश लागतात. २०२० च्या मिडी २.० मध्ये कंट्रोलरचं मूल्य ३२ बिटांचं झालं, पण साध्या बोर्डचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटांचाच असेल तर हाती १,०२४ पायऱ्याच येतात.

सीसी क्रमांक निवडताना १२० ते १२७ ला हात लावू नये. ते चॅनेल मोडचे संदेश आहेत. १२३ वर नॉब ठेवला तर वाजत असलेले स्वर तुटू शकतात. १ मॉड्युलेशन, ७ व्हॉल्यूम, १० पॅन, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन ही कामं ठरलेली. मोकळे हवे असतील तर २० ते ३१ आणि १०२ ते ११९.

आता पॉट, म्हणजे फेडर-नॉबच्या आतला पोटेन्शिओमीटर, बदलता रोध. मिक्सरमध्ये आवाज थेट पॉटमधून जातो आणि कानाला तीव्रता लॉगरिदमिक लागते, म्हणून तिथे लॉग पॉट. मिडी कंट्रोलरमध्ये पॉट फक्त व्होल्टेज वाटून देतो. वळण सॉफ्टवेअर देतं. म्हणून लिनिअर (अंतराच्या सरळ प्रमाणात बदलणारा) हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेताना 'बी' शिक्क्याचा १० के (१० किलोओहमचा) मागावा. 'ए' म्हणजे लॉग. जुन्या मिक्सरमधून काढलेले फेडर बहुतेक लॉग असतात : अर्धं अंतर गेलं तरी मूल्य २० च्या आसपास रेंगाळतं, मग पुढे धावत सुटतं.

१० के लाही कारण आहे. एव्हीआर चिपच्या (बऱ्याच साध्या बोर्डांवरच्या मायक्रोकंट्रोलरच्या) एडीसीला स्रोताचा रोध १० किलोओहमपेक्षा कमी लागतो. १० केच्या पॉटची मधली पिन जास्तीत जास्त २.५ किलोओहम दाखवते, १०० केची २५. तेवढ्या रोधातून आतला लहानसा कपॅसिटर वेळेत भरत नाही आणि आधी वाचलेल्या नॉबची सावली पुढच्यावर पडते. एक नॉब फिरवला आणि शेजारचाही हलला तर आधी हेच तपासावं. ४०५१ किंवा ४०६७ मल्टिप्लेक्सर (अनेक पॉट पाळीपाळीने एकाच इनपुटला जोडणारी चिप) लावला असेल तर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर प्रत्येक पॉटच्या मधल्या पिनेवर लावावा. मल्टिप्लेक्सरच्या सामाईक पिनेवर लावला तर सावली उलट गडद होते. न वापरलेल्या इनपुट जमिनीला जोडाव्यात.

थरथर वेगळी. ० ते १,०२३ ला ८ ने भागून १२७ केलं की सीमेवर उभा असलेला फेडर ६३-६४-६३ असा बडबडत राहतो. उपाय हिस्टेरेसिस : आधी पाठवलेल्या कच्च्या आकड्यापासून पाच-सहा अंकांचा फरक पडल्याशिवाय काही पाठवायचं नाही. नुसती सरासरी पुरत नाही. ती पूर्णांकात काढली तर अपूर्णांक कापला जातो, वर जाताना आकडा शेवटच्या आधीच अडकतो आणि फेडर टोकाला लावूनही १२६ वर थांबतो. म्हणून दोन्ही टोकांना आठेक अंकांची पट्टी थेट ० आणि १२७ धरावी.

उडीवर सॉफ्टवेअरने तीन तोडगे काढले : थेट उडी, पिकअप, स्केलिंग (नॉब आणि मूल्य यांतला फरक फिरवता फिरवता हळूहळू मिटवणं). पिकअपमध्ये नॉब जुन्या मूल्यावरून गेल्याशिवाय काही होत नाही. मंचावर ते बंद पडल्यासारखं वाटतं, पण स्पीकर वाचतात. दुसरा मार्ग एन्कोडरचा, म्हणजे टोक नसलेल्या, कितीही फिरणाऱ्या नॉबचा. त्याला स्वतःची जागाच नाही, फक्त किती खाचा फिरला ते सांगतो. पण 'एक मागे' याचा आकडा ठरलेला नाही. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये तो १२७, साइन्ड बिटमध्ये ६५, बायनरी ऑफसेटमध्ये ६३. कंट्रोलर एका पद्धतीत आणि सॉफ्टवेअर दुसऱ्यात असेल तर डावीकडे एक खाच फिरवताच मूल्य भलतीकडे पळतं.

तिसरा मार्ग मोटरचा फेडर : सॉफ्टवेअरमधल्या मूल्यावर मोटरच त्याला नेऊन ठेवते. मॅकी कंट्रोल या सॉफ्टवेअर चालवणाऱ्या फेडरच्या पेटीने त्यासाठी सीसी सोडून पिच बेंड (सूर वर-खाली करणारा संदेश) घेतला, कारण एकाच संदेशात १४ बिट मिळतात. आठ फेडर चॅनेल १ ते ८ वर, मास्टर ९ वर. म्हणूनच मॅकी मोडमधला कंट्रोलर चुकून सिंथच्या ट्रॅकला जोडला की फेडर वर नेताच सूर चढतो. बोट लागल्याची खबर १०४ ते ११२ या नोट्सवर जाते आणि ती न पाठवणारा घरगुती फेडर हाताशी झगडतो : आपण सरकवतो, सॉफ्टवेअर थोडं जुनं मूल्य परत पाठवतं, मोटर मागे ओढते, ते ओढणंही नवीन हालचाल म्हणून पुन्हा पाठवलं जातं. फेडर गुणगुणत राहतो. स्पर्शाची तार बसवता येत नसेल तर हात चालू असताना आणि नंतर काही शतांश सेकंद मोटर बंद ठेवावी, आणि मोटरने केलेली हालचाल पाठवूच नये.