खैऱ्यावरची फवारणी कोणत्या पानासाठी?

पावसाळ्यात कागदी लिंबाचं पान हातात घेऊन उजेडाकडे धरा. तपकिरी, खरखरीत, मध्ये खोलगट फोड आणि भोवती पिवळं वलय दिसलं, बोट फिरवल्यावर फोड पानाच्या दोन्ही बाजूंना लागला, तर तो खैऱ्या रोग. झँथोमोनास सिट्री या जिवाणूचं हे काम. असा फोड कापून पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोट धुरासारखा बाहेर पडताना दिसतो. पावसात बागेत हेच चालतं. भिजलेल्या फोडातून जिवाणू सुटतात, वारा आणि थेंब त्यांना शेजारच्या फांदीवर नेतात आणि पर्णरंध्रातून किंवा जखमेतून ते आत शिरतात. वाऱ्यापावसाची ही ताकद फ्लोरिडाने अनुभवली आहे. तिथे रोगट झाडं तोडण्याची मोठी मोहीम सुरू होती. २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी रोग इतका पसरवला की २००६ मध्ये ती मोहीम सोडून द्यावी लागली.

यावरचं जुनं औषध म्हणजे तांबं. कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम, किंवा १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, पानं करपतील. तांब्याचा थर पानाच्या पृष्ठभागावर बसतो आणि ओल मिळाली की त्यातले आयन, म्हणजे तांब्याचे विद्युतभारित कण, जिवाणूची प्रथिनं निकामी करतात. पानाच्या आत मात्र ते पोहोचत नाही. म्हणून आलेला फोड फवारून बरा होत नाही, आणि फवारणीनंतर फुटलेलं पान उघडंच राहतं. फोड दिसल्यावर पंप काढला तर उशीर झालेला असतो. फवारणी नवतीसाठी, म्हणजे नव्या पालवीसाठी, आणि कोवळ्या फळांसाठी करायची, आणि जोराच्या पावसाने थर धुऊन गेला की पुन्हा.

निंबोळी अर्काकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही स्पष्ट हवं. प्रयोगशाळेतल्या बशीत कडुनिंब, लसूण असे बरेच अर्क जिवाणूची वाढ रोखतात. बागेत ऊन आणि पाऊस त्यांना फार काळ टिकू देत नाहीत. पण ५ टक्के निंबोळी अर्काचा खरा उपयोग नागअळीवर होतो. ही अळी कोवळ्या पानात नागमोडी बोगदे करते आणि त्या जखमांतून खैऱ्या आत घुसतो. अळी आवरली की रोगाची एक मोठी वाट बंद होते.

स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक तांब्यात मिसळून फवारायची पद्धत जुनी आहे. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या क्षयरोगावरही वापरलं जातं. अशी प्रतिजैविकं उठसूट शिवारात उडवणं मला धोक्याचं वाटतं. जिवाणू त्यांना सरावतात. पिकांवरचा त्यांचा वापर बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ मध्येच काढला होता.

कोणत्याही फवारणीआधीचं काम कात्रीचं आहे. पावसाळ्याआधी रोगट फांद्या छाटून जाळाव्यात आणि लगेच बोर्डो फवारावं. ओल्या झाडावर कात्री चालवली तर तीच रोग पसरवते.