रोबोटिक शस्त्रक्रिया: यंत्रे नवी, वाद जुना

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली. छोट्या छिद्रांमुळे रुग्णाचा त्रास कमी झाला; सर्जनचा मात्र वाढला. मनगट नसलेली ताठ अवजारे, हात उजवीकडे नेला की आत डावीकडे जाणारे त्यांचे टोक आणि पडद्यावरचे सपाट चित्र, या अडचणींवर तोडगा म्हणून अमेरिकेत सर्जनने दुरून चालवायची दोन प्रतिस्पर्धी रोबोटिक यंत्रे पुढे आली.

कॉम्प्युटर मोशन कंपनीच्या ‘झ्यूस’चे तीन यांत्रिक हात सुटेसुटे असून ते ऑपरेशन टेबललाच जोडले जात, सर्जन उघड्या कन्सोलपाशी, म्हणजे हे हात चालवण्याच्या नियंत्रण-मेजापाशी, बसून समोरच्या पडद्याकडे पाहत असे आणि दुर्बीण तोंडी आज्ञेवर हलत असे. इन्ट्युइटिव्ह सर्जिकलच्या ‘दा विंची’त सर्व हात एकाच अवजड गाड्यावर होते, त्रिमितीय दृश्यासाठी सर्जनला कन्सोलच्या खोबणीत डोके टेकवावे लागे आणि अवजारांना मानवी मनगटासारखे वळण होते. दा विंचीला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. ७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रेंच सर्जन झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधील रुग्णाचे पित्ताशय काढले, ते मात्र झ्यूसच्या साह्याने. तरीही पेटंटच्या दाव्यांत अडकलेल्या या दोन कंपन्या २००३ मध्ये एकत्र आल्या आणि झ्यूस बंद झाले. दा विंचीचे मनगट निःसंशय सरस होते. पण सुटे हात आणि उघडा कन्सोल या कल्पना शस्त्रक्रियागृहात हरल्या असे म्हणता येत नाही, त्या कंपन्यांच्या व्यवहारात मागे पडल्या.

सुरुवातीच्या पेटंटांची मुदत सरू लागल्यावर त्याच कल्पना परतल्या. केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकलचे ‘व्हर्सियस’, ज्याच्या मानवी चाचण्या २०१९ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाल्या, मेडट्रॉनिकचे ‘ह्यूगो’ आणि भारतीय ‘एसएसआय मंत्रा’ या तिन्हींत प्रत्येक हात वेगळ्या गाड्यावर असतो आणि सर्जन त्रिमितीय चष्मा लावून उघड्या पडद्याकडे पाहतो. अर्थात मनगट त्यांनी दा विंचीकडूनच उचलले. मुंबईतील जुन्या रुग्णालयांच्या आटोपशीर शस्त्रक्रियागृहांना अशी मांडणी सोयीची वाटणे स्वाभाविक आहे, कारण लागतील तेवढेच हात आणता येतात आणि सहकाऱ्यांशी थेट बोलता येते. मात्र प्रत्येक गाडा योग्य कोनात उभा करण्याची आणि हात एकमेकांवर आदळू न देण्याची जबाबदारी टेबलाजवळच्या साहाय्यकांवर येते. हे काम सोपे व्हावे म्हणून २०१४ च्या ‘दा विंची एक्सआय’मध्ये सर्व हात वर फिरणाऱ्या एकाच तुळईला टांगलेले असून गाडा जागेवर आणण्यासाठी लेझरची खूण दिलेली आहे.