पिसवांचे नैसर्गिक नियंत्रण (मांजर असलेल्या घरांतील)

मांजर पाळलेल्या घरात पिसवांचा उपद्रव रासायनिक कीटकनाशकांवाचून, म्हणजे फणी, झाडलोट, धुणे, ऊन, सारवण, राख आणि वनस्पतिज द्रव्ये यांच्या आधारे आटोक्यात ठेवण्याच्या रीतींचा या नोंदीत विचार केला आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील घरे आणि हवामान मुख्यत्वे डोळ्यांपुढे ठेवले आहे.

‘पिसू’ (अनेकवचन पिसवा) या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १९१ व्या सूक्तात विषारी व अदृश्य जीवजंतूंच्या संदर्भात ‘प्लुषि’ हा शब्द येतो. लॅटिनमधील ‘प्युलेक्स’ या पिसूवाचक शब्दाशी त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञ सहसा मान्य करतात. परंतु सूक्तातील प्लुषि म्हणजे पिसूच की दुसरा एखादा दंश करणारा कीटक, हे केवळ त्या ऋचेवरून ठरत नाही. मराठी ‘पिसू’ व हिंदी ‘पिस्सू’ यांचे मूळ थेट प्लुषिपर्यंत नेण्यात ध्वनिपरिवर्तनाची अडचण आहे, म्हणून ते स्वतंत्र प्राकृत रूपाकडे नेणे अधिक सावधपणाचे ठरते. गोचीड म्हणजे पिसू नव्हे; तो कोळ्याच्या वर्गातला, उडी न मारणारा जीव असून त्याच्यावरचे उपाय येथे लागू पडत नाहीत.

घरमांजराच्या अंगावर जगभर मुख्यतः टेनोसेफॅलायडीझ फेलिस ही जाती आढळते. तिचे वर्णन बूशे यांनी १८३५ मध्ये केले, आणि आज रूढ असलेली टेनोसेफॅलायडीझ ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट; पुढे ‘टे.’) स्टाइल्स व कॉलिन्स यांनी १९३० मध्ये वेगळी काढली. कर्टिस यांनी १८२६ मध्ये वर्णिलेली टे. कॅनिस ही कुत्र्याची पिसू म्हणून प्रसिद्ध असली, तरी कुत्र्यांवरही बहुतेक ठिकाणी मांजराचीच पिसू अधिक सापडते. मांजराच्या पिसूच्या मूलस्थानाविषयी मतभेद होते. जनुकीय अभ्यासांनी आता आफ्रिकेच्या बाजूने कौल दिलेला दिसतो, आणि तेथून माणूस व त्याची पाळीव जनावरे यांच्यासोबत ती सर्वत्र पोचली असावी हे मत अधिक ग्राह्य वाटते. दक्षिण आशियाचे चित्र मात्र जास्त गुंतागुंतीचे आहे. जॉर्डन यांनी १९२५ मध्ये नोंदविलेली टे. ओरिएंटिस दीर्घकाळ फेलिसची उपजाती मानली जाई. आता ती स्वतंत्र जाती धरली जाते. भारतात ती शेळ्या व कुत्रे यांच्यावर आढळते. त्यामुळे ‘मांजराची पिसू’ म्हणून झालेल्या जुन्या भारतीय नोंदी फेरतपासणीवाचून जशाच्या तशा घेता येत नाहीत. हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत शेळ्यांचा गोठा घराला लागून असतो, आणि तेथे पिसवांचा उगम मांजर नसून गोठा असण्याचा संभव आधी तपासावा लागतो. मांजर बिचारे कित्येकदा फक्त वाहक असते.

पिसू म्हटले की या भागातील जुन्या पिढीला प्लेग आठवतो. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली साथ पुढे पुणे व सातारा जिल्ह्यांत पसरली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराची येथे उंदरापासून उंदराला प्लेग पिसूमार्फत होतो हे प्रयोगाने दाखविले. त्या प्लेगची मुख्य वाहक झेनोप्सिला केओपिस ही उंदराची पिसू होती. मांजराची पिसू त्या कामी फारच अकार्यक्षम ठरते. उलट अमरावतीचे अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास प्लेग टाळण्यासाठी घरोघर मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला होता. तेव्हा पिसवा दिसल्या म्हणून मांजर घराबाहेर काढणे याला इतिहासाचाही आधार नाही.

नियंत्रणाचे मर्म जीवनक्रमात आहे. प्रौढ पिसू मांजराच्या अंगावरच राहते व रक्त पिते. मादी भरात असता दिवसाला चाळीस ते पन्नास अंडी घालते. अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांत न टिकता मांजर जिथे झोपते तिथे गळून पडतात. त्यांतून निघणारी अळी रक्त शोषत नाही. प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर ती वाढते आणि उजेड टाळून फटीत, सतरंजीच्या विणीत, पोत्याखाली शिरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांखाली गेली की अळ्या तग धरत नाहीत. शेवटी ती रेशमी कोश विणते, त्यावर धूळ चिकटते आणि कोश डोळ्यांना दिसेनासा होतो. सामान्यतः असे मानले जाते की अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपासच असतात. हा आकडा अंदाजाचा आहे, पण त्याची दिशा बरोबर आहे.

कोशातील तयार पिसू उष्णता, दाब व श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागेपर्यंत कित्येक आठवडे, क्वचित काही महिनेही, थांबू शकते. पुण्या-मुंबईस राहणारे कुटुंब गावच्या जत्रेसाठी येऊन बंद घराचे कुलूप काढते आणि पहिल्याच तासात सर्वांचे घोटे चावून निघतात, याचे कारण हेच. घरात मांजर नसताना पिसवा ‘आपोआप’ झाल्या असा समज त्यातूनच रूढ झाला असावा.

आर्द्रतेच्या नियमामुळे या दोन जिल्ह्यांत उपद्रवाचे मान तालुक्यागणिक बदलते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. पाटण, जावळी, शिराळा या ओल्या पट्ट्यांत पावसाळाभर अळ्यांना अनुकूल स्थिती राहते. पूर्वेकडे उन्हाळ्यात ती आपोआप मोडते, मात्र न्हाणीजवळच्या, रांजणाखालच्या ओलसर कोपऱ्यांत टिकून राहते.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. मांजराच्या अंगावर काय लावावे यापेक्षा ते झोपते कुठे, हे पाहणे महत्त्वाचे. बहुधा ती जागा चुलीची कड, माळ्यावरची पोती किंवा घडी करून ठेवलेली वाकळ असते. वाकळीवर मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण दिसल्यास ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टिपावेत; भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, साधी माती नव्हे. अशी वाकळ झटकून दुसऱ्या खोलीत टाकू नये, कारण त्याने अंडी घरभर होतात. ती गुंडाळून बाहेर न्यावी, कढत पाण्यात भिजवून चोपून धुवावी आणि कडक उन्हात उलटीपालटी करून वाळवावी. आठवड्यातून एकदा, असे निदान दोन महिने केल्याशिवाय कोशातून निघणारी पिढी संपत नाही. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास तो फरशीच्या सांध्यांवर व सोफ्याखाली रोज फिरवावा, आणि त्यातील कचरा लगेच घराबाहेर टाकावा.

मातीच्या घरांत शेणाने सारवण्याची रीत येथे उपयोगी पडते असे दिसते, पण ती शेणाच्या कोणत्या गुणामुळे हे सांगणे कठीण आहे. फटी बुजणे आणि धूळ बसणे हे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकास अधिक पटते. सारवण नीट वाळू न दिल्यास ओल वाढून उलट परिणाम होऊ शकतो. कोरडी, चाळलेली राख फटींत भरण्यामागेही शुष्कतेचेच तत्त्व आहे. डायटमयुक्त माती (डायटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी) त्याच तत्त्वावर चालते, मात्र तिची धूळ माणसाच्या व मांजराच्या फुप्फुसांना अपायकारक असल्याने ती उघड्यावर भुरभुरू नये.

अंगावरच्या पिसवांसाठी उवांची बारीक दातांची फणी पुरेशी आहे. मान, हनुवटीखाली आणि शेपटीच्या मुळाशी ती केसांच्या दिशेने हळूहळू ओढावी व प्रत्येक ओढीनंतर साबणाच्या पाण्यात बुडवावी. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडून जाते, साबणाने पृष्ठताण मोडल्यामुळे ती बुडते.

वनस्पतिज उपायांत सर्वाधिक चुका होतात. कुत्र्याला व माणसाला चालणारे कित्येक पदार्थ मांजराला विषारी आहेत, कारण फिनॉलवर्गीय व तत्सम द्रव्ये ग्लुकुरोनाइडच्या (पाण्यात विरघळणाऱ्या संयुगाच्या) रूपात बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता जन्मतःच तोकडी असते. शिवाय अंगाला लावलेले सर्व काही ते चाटून पोटात घेते. कडुनिंबातील ॲझॅडिरॅक्टिनचा पिसवांवर परिणाम होतो, हे १९९० च्या दशकात कुत्री व मांजरे यांच्यावरील प्रयोगांत दिसले होते. तो मात्रेवर अवलंबून होता, आणि घरी आणलेल्या निंबोळी तेलाची मात्रा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून ते मांजराच्या अंगाला लावू नये. लवंगेचे तेल, टी ट्री तेल, कापूर व लिंबूवर्गीय सालींचे अर्क यांनाही तेच लागू आहे. लसूण खाऊ घातल्यास तांबड्या रक्तपेशी फुटतात. तंबाखूच्या पाण्यातील निकोटीन घातक आहे. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा करते. हळदीचे पीक सांगलीच्या अभिमानाचे असले, तरी पिसवांवर तिची मात्रा चालते असे मानण्यास पुरेसा आधार नाही. फरशी पुसायचे फिनेल, रॉकेल आणि डांबराच्या गोळ्या तर नैसर्गिकही नाहीत आणि मांजराला सुरक्षितही नाहीत. कुत्र्यासाठी विकले जाणारे परमेथ्रिन या कीटकनाशकाचे औषध मांजराला लावल्यास झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो.

लहान पिल्लांत पिसवांमुळे रक्तक्षय होतो. हिरड्या पांढुरक्या दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता पशुवैद्यकाकडे न्यावे. ज्या मांजराला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते त्याची कातडी थोड्याच दंशांनीही सोलवटते, आणि तेथेही केवळ फणीवर विसंबता येत नाही. शेपटीखाली किंवा वाकळीवर तांदळाच्या वाळक्या कणीसारखे तुकडे आढळल्यास ते डायपायलिडियम या पट्टकृमीचे असतात; मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि त्यातून हा जंत होतो, म्हणून जंताचे औषध देऊनही घरात पिसवा राहिल्या तर तो पुन्हा होतो.