मूळ गट कोण ठरवते? युनिक्स ते लिनक्स

युनिक्स या संगणक कार्यप्रणालीवर नवे खाते उघडले की पासवर्ड फाइलमध्ये सात रकान्यांची एक ओळ वाढते. त्यातला चौथा रकाना वापरकर्त्याच्या मूळ गटाचा (गट म्हणजे फाइलींचे हक्क एकत्र मिळणारा वापरकर्त्यांचा समूह) क्रमांक असतो आणि त्याने तयार केलेल्या फाइली सहसा याच गटाच्या नावे नोंदल्या जातात. सुरुवातीच्या युनिक्समध्ये एका वेळी एकाच गटात वावरता येई; दुसऱ्या गटाच्या कामासाठी ‘न्यूग्रुप’ ही आज्ञा देऊन गट बदलावा लागे. १९८३ मधल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने एकाच वेळी अनेक पूरक (मूळ गटाखेरीजच्या) गटांत राहण्याची सोय केली, तरी मूळ गट कोणता असावा हा प्रश्न उरलाच.

जुना रिवाज सगळ्यांना एकाच सामायिक गटात टाकण्याचा होता. लिनक्सवर हा गट बहुधा ‘यूजर्स’, क्रमांक १००. मॅकओएसवर आजही ‘स्टाफ’, क्रमांक २०. अशा वेळी यूमास्क (नव्या फाइलींवर कोणते हक्क द्यायचे नाहीत हे ठरवणारा आकडा) ०२२ ठेवणे भाग पडते, म्हणजे गटातले इतर जण फाइल वाचू शकतात, पण बदलू शकत नाहीत. गाडी अडते ती एकत्रित कामात. प्रकल्पाच्या फोल्डरवर सेटजीआयडी खूण लावली की तिथल्या नव्या फाइली प्रकल्पाच्या गटाकडे जातात खऱ्या, पण ०२२ मुळे सहकाऱ्यांना त्यांत लिहिता येत नाही. आणि यूमास्क ००२ केला, तर प्रत्येकाच्या खासगी फोल्डरमधल्या नव्या फाइलींवर साऱ्या ‘यूजर्स’ गटाला लिहिण्याचा हक्क मिळतो.

रेड हॅट लिनक्सने रूढ केलेल्या खासगी गटाच्या पद्धतीने यावर तोडगा काढला: प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्याच नावाचा, एकट्याचा गट. मग यूमास्क ००२ निर्धास्तपणे ठेवता येतो. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या वितरणानेही ही पद्धत स्वीकारली, मात्र यूमास्क ०२२ च ठेवला, त्यामुळे तिथे खासगी गटाचा मूळ हेतू बराचसा वाया जातो. नवे खाते उघडणाऱ्या ‘यूजरॲड’ आज्ञेला खासगी गट नको असे सांगितले, तर ती अजूनही आपल्या सेटिंगमधल्या जुन्या सामायिक गटाकडे वळते.

पूरक गटांची कहाणी वेगळी आहे. प्रशासकाच्या खात्यासाठी उबुंटू या लिनक्स वितरणाने १२.०४ आवृत्तीपासून ‘ॲडमिन’ऐवजी ‘सुडो’ गट वापरला, तर फेडोरा या वितरणात तेच काम ‘व्हील’ करतो. ‘ऑडिओ’सारख्या उपकरणांच्या गटांत मात्र एक गोम होती: सदस्य नेटवर्कवरून दूर बसूनही यंत्राचा मायक्रोफोन उघडू शके. म्हणून आता सिस्टमडी ही लिनक्सवरील सेवा सांभाळणारी प्रणाली प्रत्यक्ष यंत्रासमोर लॉगिन केलेल्या वापरकर्त्यालाच, त्याचे सत्र सक्रिय असेपर्यंत, अशा उपकरणांची परवानगी देते.