रोटरी इंजिनाच्या गाडीला टिकाऊ सायलेन्सर निवडताना

रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारचा मूळ सायलेन्सर बदलून बाहेरचा बसवायची वेळ आली, की बहुतेक जण आधी आवाज ऐकतात, मग चमक पाहतात आणि शेवटी किंमत विचारतात. टिकेल का, असे कोणी विचारलेच तर "एसएस (स्टेनलेस स्टील) आहे, गंजणार नाही" या उत्तरावर विषय संपतो. साध्या पिस्टन इंजिनाच्या गाडीत तेवढ्यावर एक वेळ निभावते. रोटरीत निभावत नाही, कारण तिथे सायलेन्सर खराब होतो तो मुख्यतः उष्णतेने, आणि उष्णतेचा पहिला घाव बाहेरच्या पत्र्यावर न पडता आतल्या तंतुमय भरावावर आणि वेल्डिंगच्या जोडांवर पडतो.

फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले पहिले रोटरी इंजिन जर्मनीतील एनएसयू कंपनीत १९५७ साली चालले. पुढे जपानच्या माझदाने ते नेटाने वाढवले: १९६७ची कॉस्मो स्पोर्ट, १९७८ची आरएक्स-७, २००३ची आरएक्स-८, आणि मध्ये १९९१ साली चार रोटरच्या ७८७बी गाडीने जिंकलेली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत. भारतात माझदाने या गाड्या अधिकृतपणे कधीच विकल्या नाहीत. त्यामुळे नाशिकमध्ये अशी एखादी गाडी असली, तर ती बाहेरून आणलेली असणार, आणि तिचा सायलेन्सर एकतर परदेशातून मागवावा लागणार किंवा अंबड-सातपूर या औद्योगिक भागातल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बनवून घ्यावा लागणार. दुसरा मार्ग कमी प्रतीचा आहे असे मी मानत नाही, मात्र काय बनवून घ्यायचे हे मालकाला नेमके सांगता आले पाहिजे.

त्यासाठी इंजिनाकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. पिस्टन इंजिनात ज्वलन एका आटोपशीर, गोलसर जागेत होते. रोटरीत त्रिकोणी रोटर आणि घर यांच्यामध्ये लांबट, अरुंद पोकळी असते, आणि जळत असताना ती पोकळीच पुढे सरकत असते. ज्योत तिच्या मागच्या टोकापर्यंत वेळेत पोहोचत नाही. त्यामुळे काही मिश्रण उशिरा जळते, काही जळतच नाही, आणि रोटरच्या टोकावरील सील हे न जळलेले मिश्रण ढकलत थेट एक्झॉस्टच्या तोंडाशी आणते. तिथे ते तापलेल्या वायूत उरलेला ऑक्सिजन मिळताच पेटते, म्हणजे ज्वलनाचा शेवटचा अंक पाइपातच घडतो. जोरात चालणाऱ्या रोटरीच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते ते यामुळे. आरएक्स-८च्या इंजिनात माझदाने एक्झॉस्टचे तोंड परिघावरून काढून बाजूच्या भिंतीत नेले, त्यामुळे न जळलेले बरेच मिश्रण पुढच्या फेरीसाठी आतच राहू लागले आणि धूर स्वच्छ झाला, तरी उष्णतेचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. शिवाय सील झिजू नयेत म्हणून या इंजिनात थोडे तेल मुद्दाम ज्वलनाच्या पोकळीत सोडले जाते, आणि त्याची काजळीही शेवटी सायलेन्सरमध्येच येते.

आवाजाचे गणितही वेगळे आहे. दोन रोटरचे इंजिन शाफ्टच्या एका फेरीत वायूचे दोन धक्के देते, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० आणि ९००० फेऱ्यांना ३००. चार सिलिंडरच्या गाडीतही हाच आकडा येतो. फरक धक्क्याच्या धारेत आहे. पिस्टन इंजिनातील झडप हळूहळू उघडते, तर रोटरीत झडपच नसते. रोटरचे टोक तोंडावरून सरकले की वाट एकदम मोकळी होते आणि वायू कडाड्याने बाहेर पडतो. अशा तीक्ष्ण धक्क्यात उंच पट्टीचे स्वर भरपूर असतात, आणि कानाला बोचते ते तेच.

सायलेन्सर आवाज दोन तऱ्हांनी कमी करतो. एका प्रकारात पेटीच्या आत कप्पे आणि आडवे पत्रे असतात. त्यांच्यावर आपटून परतणाऱ्या लहरी येणाऱ्या लहरींना छेद देतात. दुसऱ्या प्रकारात भोकांची जाळीदार नळी सरळ आरपार जाते आणि तिच्याभोवती काचलोकर किंवा तसाच तंतुमय भराव असतो. आवाजाची ऊर्जा त्या तंतूंमध्ये घर्षणाने उष्णता होऊन विरते. हा दुसरा प्रकार वायूला अडवत नाही, म्हणून स्पोर्ट्स कारवाल्यांना तोच प्रिय आहे. मात्र भरावाची जाडी आणि लहरीची लांबी यांचे प्रमाण जमावे लागते. ६०० अंशांच्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे ५९० मीटर धावतो. २००० हर्ट्झचा स्वर तिथे जेमतेम ३० सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटर जाडीचा भराव त्याला चांगला शोषतो. १०० हर्ट्झची लहर मात्र जवळपास सहा मीटर लांब असते, आणि तिला हा भराव जाणवतही नाही. मुंबईच्या वाटेवर गाडी ३००० फेऱ्यांवर स्थिर धरली असता केबिनमध्ये जे घुमते ते हेच. म्हणून रोटरीला एका मोठ्या पेटीपेक्षा दोन टप्प्यांची रचना मानवते: पुढे भरावाविना कप्प्याचा छोटा रेझोनेटर, आणि मागे, वायू दोन-अडीच मीटर पाइपातून येऊन काहीसा निवल्यावर, लांब अंगाची भरावाची पेटी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये, कारण तो न जळलेले इंधन स्वतःच्या पोटात जाळतो. तो नसला की तेच इंधन सायलेन्सरच्या भरावात जाऊन पेटते.

रोटरीवर बसवलेला, आवाज फुटलेला सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरून पाहिला, तर सगळी कहाणी समोर येते. वायू जिथून आत शिरतो तिथली जाळी उघडी पडलेली असते आणि तिच्याभोवती तंतूच उरलेले नसतात. थोडे पुढे काचलोकर वितळून, पुन्हा गोठून कडक गाठी झालेल्या असतात. मधल्या भागात ती काजळीने भिजून दबलेली असते, आणि मागच्या टोकाला मात्र मूळच्या रंगाचा भराव जवळपास जसाच्या तसा सापडतो. नेहमीच्या ई-ग्लास प्रकारची काचलोकर ८४० अंशांच्या आसपास मऊ होते, पण तिच्या तंतूंची ताकद त्याच्या बरीच आधी ओसरते, आणि ठिसूळ झालेले तुकडे वायूच्या धक्क्यांनी जाळीच्या भोकांतून बाहेर ओढले जातात. यावर उपाय ठाऊक आहेत. जाळीला लागून स्टेनलेस स्टीलच्या तारेची लोकर गुंडाळायची, तिच्या बाहेर बेसॉल्टचा किंवा अखंड लांब धाग्याचा भराव घट्ट भरायचा. तुकड्या-तुकड्यांचा भराव घेऊ नये. भट्टीला वापरतात ते सिरॅमिक ब्लँकेट १२६० अंशांपर्यंत चालते म्हणून अनेकांना त्याचा मोह होतो, परंतु धक्क्यांनी त्याची भुकटी होते, आणि त्याचे बारीक तंतू श्वासावाटे आत जाणे घातक ठरू शकते. तो मोह टाळलेलाच बरा.

आता पत्रा. बाजारात "एसएस" या दोन अक्षरांखाली बरेच काही खपते. ४०९ नंबरच्या पोलादात सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. ते वरून लवकर तांबूस दिसू लागते, पण तापून-निवून फारसे वाकत-फाटत नाही, आणि गाडी बनवणाऱ्या कंपन्या ते मोठ्या प्रमाणावर वापरतात. ३०४मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते देखणे आणि गंजरोधक आहे, पण ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात बराच काळ राहिल्यास त्यातील क्रोमियम कार्बनशी जोडले जाऊन धातूच्या कणांच्या सीमांवर जमते, आणि लगतचा भाग क्रोमियमविना उघडा पडतो. रोटरीचा एक्झॉस्ट नेमका याच पट्ट्यात जगतो. म्हणून इंजिनाजवळच्या पाइपासाठी टायटॅनियम मिसळलेले ३२१ घ्यावे आणि मागच्या पेटीसाठी कमी कार्बनचे ३०४एल पुरे, असे माझे मत आहे. शुद्ध टायटॅनियमची पेटी हलकी असते, पण तापल्यावर तिची ताकद झपाट्याने घटते, त्यामुळे रोटरीत तिला इंजिनापासून शक्य तितके दूर ठेवावे लागते.

खरा धोका २०२ नंबरचा आहे. त्यात निकेलऐवजी बराचसा मँगनीज असतो, चमक ३०४सारखीच असते आणि भाव कमी असतो. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती इथे उपयोगी नाही, कारण चुंबक ४०९ला चिकटतो, पण ३०४ आणि २०२ दोघांनाही जवळपास चिकटत नाही. भंगारवाले बॅटरी आणि तपासणीचा द्रव वापरून मँगनीज ओळखतात. तीच चाचणी दुकानात आपल्यासमोर करायला सांगावी, किंवा तुकडा देऊन प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा.

वेल्डिंगच्या बाबतीत नाशिककर सुदैवी आहेत. दिंडोरीच्या परिसरातील वायनरींना स्टेनलेसच्या टाक्या लागतात, औषध कारखान्यांना पाइपलाइन लागते, आणि या कामांत आतली बाजू बाहेरच्या इतकीच स्वच्छ असावी लागते. अर्गन वेल्डिंग करताना कुशल कारागीर पाइपाची दोन्ही टोके बंद करून आतही अर्गन सोडतो. तसे केले नाही, तर आतल्या बाजूला तापलेल्या धातूला हवा लागते आणि जळक्या पाकासारखी काळी, दाणेदार खपली धरते. बाहेरून शिवण सुबक दिसते, पण तडा आतल्या खपलीपासूनच सुरू होतो. त्यामुळे पाइप घेताना टॉर्च आत मारून शिवणीची आतली बाजू पाहावी. ती रुपेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर काम चोख आहे.

तडा जाण्याचे दुसरे कारण प्रसरण. ३०४चा एक मीटर पाइप ६०० अंशांनी तापला की सुमारे १० मिलिमीटर लांबतो. या लांबीला जागा दिली नाही, तर ती स्वतःच एखाद्या फ्लँजजवळ (पाइप जोडणाऱ्या कडेजवळ) जागा करून घेते. इंजिनामागे चांगल्या प्रतीची लवचीक नळी आणि पेटीला रबरी टांगण्या असल्याच पाहिजेत. चेसिसला पट्टी ठोकून सायलेन्सर जखडणे म्हणजे तडा मागवून घेणे आहे.

गंज आतून येतो, हेही विसरू नये. एक लीटर पेट्रोल जळले की जवळपास एक लीटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते. कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला आणि परत, एवढीच फेरी मारणाऱ्या गाडीत, विशेषतः नाशिकच्या थंडीत, ते पेटीच्या तळाशी साचते आणि भरावात मुरते. पेटीच्या सर्वांत खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचे भोक असावे. त्याने आवाजात फरक पडत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा आहे. मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधने आहेत, आणि आवाज व धूर यांची मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुंगळी (आवाज दाबणारी आतली नळी) काढलेला, भराव उडालेला सायलेन्सर या कक्षेत सहज येतो, म्हणजे टिकाऊपणाचा प्रश्न दंडाशीही जोडलेला आहे.

शेवटची अट पेटी उघडता येण्याची. दोन्ही टोकांच्या झाकणांना वेल्डऐवजी बोल्ट किंवा रिव्हेट असतील, तर भराव बदलून तीच पेटी वर्षानुवर्षे वापरता येते. भराव कधी बदलायचा हे पत्राच सांगतो. तापलेले ३०४ सुमारे ३०० अंशांना पिवळसर, ४५०च्या आसपास जांभळट आणि ५४०च्या सुमारास निळे पडते. धड भराव असलेल्या पेटीचे बाहेरचे अंग इतके तापतच नाही. पेटीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात एखादा जांभळट-निळा डाग उमटला, की त्याच्या आतला भराव उडाला असे समजावे आणि पुढच्या लांबच्या प्रवासाआधी पेटी उघडावी.