डुप्लिकेशन सिस्ट : लहान मुलांतील निदान

अन्नमार्गाला जन्मतःच चिकटून असलेली, बहुधा द्रवाने भरलेली पोकळ गाठ. तोंडापासून गुदद्वारापर्यंत ती कुठेही असू शकते. सर्वाधिक आढळते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. बोस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी १९३७ मध्ये ‘डुप्लिकेशन’ हे नाव रूढ केले. बहुतेक मुलांत ती वयाच्या पहिल्या दोन वर्षांत लक्षात येते.

लक्षणे फसवी असतात : रडणे, उलट्या, पोट फुगणे. कोकणात अशा बाळाच्या बेंबीभोवती हिंग लावतात, ओव्याची पुरचुंडी शेकतात, दृष्ट काढतात. यात आईआजीची चूक नाही. बहुतेक बाळांचे पोट तेवढ्यात शांत होते. पण उलटी हिरवी झाली, किंवा कोकमाच्या आगळासारखी काळपट लाल, शेंबडी शी झाली, तर रात्र काढू नये. अशी शी आतड्यात आतडे शिरल्याची खूण असू शकते, आणि त्यामागे कधी ही गाठ निघते.

निदानाचा मुख्य आधार सोनोग्राफी. गाठीतल्या पाण्यापेक्षा तिची भिंत नीट बघायची : आत अस्तराची पांढरी रेघ, तिच्याबाहेर स्नायूची काळी. मेसेंटरीतल्या (आतडी धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या) साध्या गाठीला सहसा अशी दुहेरी भिंत नसते. भिंत आतड्यासारखी आकुंचन पावताना दिसली, तर संशय बळावतो. संसर्ग झाला की मात्र आतली रेघ पुसट होते.

काही गाठींत जठराचे अस्तर असते. त्यातले आम्ल व्रण पाडते, रक्त जाते आणि मूल पांढरेफटक पडते. तेव्हा टेक्नेशियम-९९एम स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून जठराचे अस्तर उजळून दाखवणारी तपासणी) उपयोगी पडतो. पण मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, म्हणजे लहान आतड्याला जन्मतः असलेली छोटी पिशवी, हाही त्यात तसाच उजळू शकतो. छातीतल्या गाठीसोबत मणक्यात दोष असू शकतो, म्हणून तिथे एमआरआय करतात.

पुढच्या तपासण्यांसाठी सिंधुदुर्गातली कुटुंबे बहुधा गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, रत्नागिरीकडची कोल्हापूर किंवा मुंबईला. निघताना गरोदरपणातल्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा कागद पिशवीत जरूर घालावा. गाठ कधीकधी तेव्हाच दिसलेली असते, आणि त्या एका ओळीने डॉक्टरांचा शोध निम्म्यावर येतो.

शेवटची खात्री ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतूनच होते : अन्नमार्गाला चिकटलेली जागा, गुळगुळीत स्नायूचा थर आणि आत अन्नमार्गाचे अस्तर.