अँडर्सच्या अंगात नक्की कोण होतं? ‘ड्रॅगन एज’मधल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेम मालिकेचा ‘द व्हेलगार्ड’ हा भाग आला आणि त्यातल्या ल्युकानिसच्या अंगातल्या स्पाइट या डीमनची चर्चा सुरू झाली. ही चर्चा चार वाक्यं पुढे सरकली की कोणीतरी दुसऱ्या भागातल्या, असाच अंगात कोणीतरी वागवणाऱ्या अँडर्स या जादूगाराचं नाव काढतो आणि मग मूळ विषय बाजूलाच राहतो. मालिकेत नव्याने आलेल्यांना हे भांडण कशावरून आहे, तेच कळत नाही. त्यांच्यासाठी हे टिपण. दुसरा भाग खेळून झालाय असं धरूनच लिहितोय, तेव्हा शेवट फोडला म्हणून ओरडू नये.

खेळांतलं झपाटणं जुनंच आहे, पण फार मागे जायची गरज नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत कागद-फाशांच्या रोल-प्लेइंग खेळांवरून काहूर उठलं होतं. मुलं सैतानाच्या नादी लागतात, असा आरोप होता. त्या धास्तीपायी सगळ्यात प्रसिद्ध खेळाच्या, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच काढून टाकले आणि त्याच प्राण्यांना तानारी आणि बातेझू अशी नवी नावं दिली. संगणकावर ‘डायब्लो’चा नायक सैतानाचा मणी स्वतःच्याच कपाळात खुपसून घेतो आणि २००० सालच्या दुसऱ्या भागात झपाटलेला भटक्या होऊन फिरतो. तिथे वाद घालायला जागाच नाही, कारण झपाटला म्हणजे झपाटला.

‘ड्रॅगन एज’मध्येही सुरुवातीला कायदा इतकाच साधा होता. जादूगारात डीमन शिरला की तो अॅबॉमिनेशन, आणि अॅबॉमिनेशन दिसला की मारायचा. २००९ च्या ‘ऑरिजिन्स’मध्ये रेडक्लिफचा कॉनर हे त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. आजारी बापासाठी पोरगं डिझायर डीमनशी सौदा करतं आणि त्यात अख्खं गाव भोगतं. पण त्याच खेळात विन आहे. ही म्हातारी जादूगारीण मेलेलीच असायची, ती एका स्पिरिटच्या, म्हणजे भल्या आत्म्याच्या, जोरावर चालते-बोलते आणि तिला कोणी अॅबॉमिनेशन म्हणत नाही. म्हणजे नियमाला भगदाड पहिल्याच भागात होतं, फक्त तेव्हा त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

मार्च २०१० च्या ‘अवेकनिंग’मध्ये जस्टिस आला. हे फेडमधलं, म्हणजे स्वप्नांच्या आणि आत्म्यांच्या जगातलं, स्पिरिट ब्लॅकमार्शमध्ये क्रिस्टॉफ नावाच्या मेलेल्या वॉर्डनच्या (राक्षसांशी लढणाऱ्या संघातल्या योद्ध्याच्या) देहात अडकतं. क्रिस्टॉफच्या आठवणी त्याला मिळतात, त्याच्या बायकोबद्दल काहीतरी वाटायला लागतं. त्याच पथकात अँडर्स आहे. सर्कलमधून, म्हणजे जादूगारांना कोंडून ठेवणाऱ्या संस्थेतून, पुनःपुन्हा पळालेला, मांजर बाळगणारा, कशाचंच फार मनाला लावून न घेणारा. चालता चालता जस्टिस त्याला विचारतो, की तू सुटलास, पण बाकीच्यांसाठी का लढत नाहीस? अँडर्स ते हसण्यावारी नेतो. पुढचं सगळं रामायण या संभाषणातून निघालं.

मार्च २०११ ला, म्हणजे ‘ऑरिजिन्स’नंतर १६ महिन्यांत, दुसरा भाग आला. जस्टिस आता अँडर्सच्या अंगात. दोघांनी राजीखुशीने केलेला करार, पण अँडर्सच्या रागाने जस्टिसचा व्हेंजन्स झाला, असं स्वतः अँडर्सच सांगतो. मधल्या काळात या पात्राचा लेखकही बदलला होता. मांजरवाला अँडर्स गेला कुठे, हा प्रश्न पहिल्या आठवड्यापासून होता, आणि ‘झपाटलाय ना तो’ हे त्यावरचं सगळ्यात सोयीचं उत्तर.

थिअऱ्या निघाल्या त्या साधारण चार घराण्यांच्या. एक घराणं म्हणतं, की जस्टिस पहिल्यापासून डीमनच होता, प्रेतात शिरला तेव्हाच त्याला हाव सुटली. दुसऱ्याच्या मते जस्टिस निर्मळ होता, अँडर्सने त्याला नासवलं. तिसरं म्हणतं, जस्टिस कधीच विरून गेलाय, अँडर्स त्याच्या नावावर आपलं खपवतो. चौथं दुसरा भाग जिथे घडतो त्या कर्कवॉल शहरालाच दोष देतं. खेळात विखुरलेल्या टिपणांत शहराच्या रस्त्यांची आखणीच जादूच्या आकृतीसारखी असल्याचं आणि टेव्हिंटर साम्राज्याच्या काळात तिथे गुलामांचं रक्त सांडल्याचं सूचित केलंय. त्यामुळे तिथे फेड आणि खरं जग यांमधला पडदा विरलेला आणि डीमनांना रान मोकळं. हे चौथं घराणं मला सगळ्यात आवडतं, पण त्यातून अँडर्सबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

खरी मारामारी दुसऱ्या भागाच्या शेवटी कर्कवॉलची चँट्री, म्हणजे तिथलं मोठं प्रार्थनास्थळ, उडवलं जातं त्या स्फोटावरून आहे. तो कोणी घडवला, अँडर्सने की अंगातल्याने?

झपाटल्याच्या बाजूचा मोठा पुरावा दुसऱ्या अंकातला. टेम्प्लरांना, म्हणजे जादूगारांवर पहारा ठेवणाऱ्या धर्मसैनिकांना, मारून झाल्यावर जस्टिस, निळ्या भेगांनी उजळलेल्या अंगाने, ज्या मुलीला वाचवायला सगळे आले होते त्या एलावरच वळतो. हॉकने, म्हणजे खेळाडूच्या नायकाने, आवरलं तर ती वाचते, नाहीतर मरते. भानावर आलेला अँडर्स भेदरून पळून जातो. हे ढोंग नाही, इतकं उघड आहे. ज्याला एका खोलीतल्या रागावर ताबा ठेवता येत नाही, त्याला पुढच्या कृत्याची शिक्षा कशी द्यायची, असा हा युक्तिवाद.

आता तिसरा अंक पाहा. अँडर्स हॉकला म्हणतो, जस्टिसला माझ्यापासून वेगळं करणारा काढा सापडलाय, फक्त दोन जिन्नस आणून दे. सेला पेट्रे आणि ड्रेकस्टोन. पहिला डार्कटाउनच्या गटारांतून खरवडायचा, दुसरा बोन पिटच्या खाणीतून आणायचा. गटारातला क्षार आणि खाणीतला दगड म्हटल्यावर शोरा आणि गंधक आठवायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. तरी आपल्यापैकी बहुतेकांनी निमूटपणे ते आणून दिलं. मग तो म्हणतो, चँट्रीत जाऊन तिथल्या म्हाताऱ्या मुख्य धर्मगुरूला, एल्थिनाला, जरा बोलण्यात गुंतव. काढा नव्हताच, हे पुढे कळतं.

इथे झपाटल्याच्या थिअरीची गाडी अडते, असं माझं मत. एलाच्या प्रसंगात जे दिसतं ती आग आहे, क्षणात पेटणारी. चँट्रीच्या प्रकरणात सामान जमवणं आहे, वेळ साधणं आहे आणि मित्राच्या डोळ्यात डोळे घालून खोटं बोलणं आहे. ‘अवेकनिंग’मधला जस्टिस सगळं तोंडावर सांगून मोकळा होणारा. आपलं कारस्थान तो काढ्याच्या गोष्टीत गुंडाळेल, हे पटत नाही. खोटं बोलून निसटणं ही सर्कलमधून पळणाऱ्या अँडर्सचीच जुनी विद्या. यावर समोरच्यांचं उत्तर ठरलेलं: तो जस्टिस उरलाच नव्हता, तो व्हेंजन्स होता. ठीक आहे, पण मग ज्याच्या रागाने तो व्हेंजन्स झाला, त्याच्याकडेच बोट जातं.

हा वाद मिटत नाही याचं कारण मात्र युक्तिवादांत नाही, खेळाच्या रचनेत आहे. अँडर्सशी मैत्रीच्या वाटेने गेलात तर तो शेवटी ठाम असतो. आपण आणि जस्टिस एकच, जे केलं ते केलं. विरोधाच्या वाटेने गेलात तर तोच माणूस जस्टिसला आपल्यावरचं संकट मानायला लागतो आणि मनवलं तर शेवटच्या लढाईत टेम्प्लरांच्या बाजूनेही उभा राहतो. म्हणजे भांडणाऱ्या दोघांनी आपापल्या पडद्यावर खरोखरच वेगळा अँडर्स पाहिलेला असतो. दोघांकडेही पुरावा असतो आणि दोघांचाही अस्सल. वर, खाली बसलेल्या अँडर्सच्या पाठीत सुरी घालायची की नाही हे ज्याने त्याने स्वतः ठरवलेलं. सुरी घातलेल्याला तो दोषीच हवा असतो, सोडलेल्याला झपाटलेला.

त्यात २०१२ मध्ये भर पडली. याच कॅनेडियन स्टुडिओच्या (बायोवेअरच्या) ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या त्रयीचा शेवट लोकांना रुचला नाही. नायकाच्या मेंदूवर शत्रूने केव्हाच कब्जा केलाय आणि शेवट हा नुसता भास आहे, अशी थिअरी मार्चमध्ये निघाली. जूनमध्ये फुकट वाढीव शेवट आला, तरी मानणारे मानतच राहिले. ‘न आवडलेलं कथानक म्हणजे कोणाच्या तरी ताब्यातलं कथानक’ ही खोड मग थेडासमध्येही, म्हणजे ‘ड्रॅगन एज’च्या जगातही, आली. कर्कवॉलच्या टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथ हिच्या तलवारीत डीमन आहे, तिथल्या सर्कलचा प्रमुख ऑर्सिनो आधीपासूनच झपाटलेला होता. इतकंच काय, सँडलसुद्धा, जो ड्वार्फ आहे आणि ड्वार्फ स्वप्नंच पाहत नाहीत. मेरेडिथची थिअरी तलवारीतल्या लाल लिरियम या जादूच्या खनिजाचं खरं रूप कळल्यावर निकाली निघाली. सँडलची अजून जिवंत आहे. मेलेल्या राक्षसांच्या ढिगात उभा राहून ‘एन्चँटमेंट!’ म्हणणाऱ्या पोराबद्दल लोकांना काहीतरी वाटणारच.

२०१४ च्या ‘इन्क्विझिशन’ने नियमच हलवले. कोल आला, मेलेल्या मुलाचं रूप घेतलेलं करुणेचं स्पिरिट. सोलास या एल्फ जादूगाराने सांगितलं, की स्पिरिट मुळात वाईट नसतं, त्याला त्याच्या हेतूविरुद्ध वापरलं की त्याचा डीमन होतो. त्याच्या मैत्रिणीचं, विस्डमचं, जादूगारांनी बांधून घातल्यावर प्राइड डीमन झालेलं आपण डोळ्यांनी पाहिलं. २०१५ च्या जोडभागात अव्हार हे डोंगरी टोळीवाले दिसले. ते शिकाऊ जादूगाराच्या अंगात स्पिरिट येऊ देतात आणि शिक्षण संपलं की त्याला निरोप देतात. रिवेन देशातल्या सीअर बायकाही स्पिरिट अंगात घेतात, आणि त्यापायीच तिथल्या डेअर्समुइडचं अख्खं सर्कल टेम्प्लरांनी कापून काढलं. हे सगळं कळल्यावर लोक २०११ कडे परत गेले. अँडर्सला शिकवणारं कोणी असतं तर? जस्टिसला निरोप देता आला असता तर? प्रश्न रास्त आहेत. पण चँट्रीत मेलेल्यांच्या वतीने हे प्रश्न कोणी विचारत नाही, हेही नोंदवायला हवं.

मग ‘द व्हेलगार्ड’. ल्युकानिस जादूगार नाही, कैदेत त्याच्या अंगात स्पाइट जबरदस्तीने घातलाय. त्यामुळे त्याच्या बाबतीत दोष कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही. तो कॉफी पितो, जागरणं करतो, डीमनशी हुज्जत घालतो आणि बाकीचे त्याला सांभाळून घेतात. सोलास स्वतःच मुळात देह धारण केलेलं स्पिरिट होता, हेही इथेच पक्कं झालं. प्राचीन एल्फांबद्दलची जुनी थिअरी खरी ठरली आणि ती मांडणाऱ्यांनी ते मिरवूनही घेतलं.

अँडर्सचं काय झालं, याचं उत्तर मात्र इथेही नाही. आधीच्या भागांतले तीनच निर्णय नव्या खेळात आणता येतात आणि तिन्ही ‘इन्क्विझिशन’चे आहेत. २०११ ची सुरी त्यात नाही.